जखम भरते कशी आणि अडते कुठे

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात केन्सिंग्टन नावाची एक जुनी गिरणवस्ती आहे. एके काळी येथे कापडाच्या आणि गालिच्यांच्या गिरण्या चालत. स्टेटसन टोप्यांचा जगप्रसिद्ध कारखानाही याच भागातला; तो १९७१ साली बंद पडला. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर काम गेले, आणि मागे राहिलेल्या पडक्या इमारतींच्या आधाराने मादक द्रव्यांचा बाजार वाढला. केन्सिंग्टन ॲव्हेन्यू या मुख्य रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवर उभारलेल्या मार्गाने आगगाडी धडधडत जाते आणि खाली पदपथावर माणसे कमरेत वाकून, उभ्याउभ्या झोपी गेलेली दिसतात. २०२२ या एका वर्षात फिलाडेल्फियात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने १,४१३ माणसे दगावली.

या वस्तीत काम करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर यांना चालू दशकाच्या आरंभी एक नवी गोष्ट दिसू लागली. नशेची सुई टोचून घेणाऱ्यांना गळवे होतात, हे त्यांना जुनेच होते. पण या जखमा निराळ्या होत्या. पोटरीवर किंवा हाताच्या पुढच्या भागावर आधी जांभळट डाग, मग फोड, मग काळी, चामड्यासारखी कडक साल. ती साल सुटली की खाली खड्डा. काही वेळा इतका खोल की स्नायुबंध आणि हाडही उघडे पडावे. कित्येकांचे पाय, काहींचे हात कापावे लागले. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की जेथे सुई कधी टोचलीच नव्हती अशा जागीही या जखमा होत होत्या.

विद्यार्थी मित्रांनो, विषय वैद्यकाचा आहे आणि मी भौतिकी शिकवणारा माणूस. तेव्हा उपचार शिकवण्याचा माझा हेतू नाही. तो डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा अधिकार. परंतु ही जखम का होते, का भरत नाही, आणि भरून यावी म्हणून जे करतात ते का करतात, या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आपल्या पाठ्यपुस्तकातले साधे नियम आहेत. ते येथे पाहू.

गुरांचे औषध पुडीत

या जखमांमागचा मुख्य संशयित आहे झायलाझिन. हे औषध बायर या कंपनीने जर्मनीत १९६२ साली तयार केले. ते माणसांचे औषध नव्हे. घोडे, गाई, कुत्री यांना शांत करण्यासाठी, लहानसहान शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी आणण्यासाठी पशुवैद्य ते वापरतात. आपल्याकडेही जनावरांच्या दवाखान्यात ते असते, आणि वस्तीत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करताना केटामिनच्या जोडीने तेच वापरतात. गंमत म्हणजे घोड्याला जेवढे लागते त्याच्या, वजनाच्या हिशोबात, सुमारे दहाव्या हिश्शातच गाय गुंगते. अशा औषधाची मात्रा मोजून देणे केवढे आवश्यक आहे ते यावरून ध्यानात यावे. आणि येथे ते मोजणार कोण? रस्त्यावर पुडी विकणारा!

पोर्टो रिको बेटावर हे औषध हेरॉइनमध्ये मिसळले जाते ही गोष्ट या शतकाच्या पहिल्या दशकापासून माहीत होती. पुढे ते फिलाडेल्फियात पोचले. तोवर तेथे हेरॉइनची जागा फेंटानिल या कृत्रिम द्रव्याने घेतली होती. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र, पण त्याचा अंमल लवकर ओसरतो. झायलाझिन स्वस्त असते आणि गुंगी लांबवते, म्हणून विकणारे ते भेसळीत घालतात. शहराच्या आरोग्य खात्याने २०२१ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी दर दहांत नवांहून अधिक नमुन्यांत झायलाझिन सापडले. १२ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकी सरकारने फेंटानिल-झायलाझिन या मिश्रणाला उद्भवता राष्ट्रीय धोका म्हणून घोषित केले.

अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या माणसाला नॅलोक्सोन नावाचे उतारा-औषध नाकात फवारतात. ते फेंटानिलवर चालते, झायलाझिनवर चालत नाही. तरीही ते द्यायचेच असते, कारण श्वास बंद पाडणारा मुख्य गुन्हेगार फेंटानिल हाच असतो. माणूस लगेच जागा झाला नाही तरी श्वास परत आला, की औषधाने आपले काम केले.

सोळा नळ्यांचे कोडे

आता आपल्या विषयाकडे येऊ. मेंदूत झायलाझिन असे काम करते की नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांवर मात्र ते वेगळाच परिणाम करते; त्यांच्या भिंतीतील स्नायू आवळून ते वाहिनी अरुंद करते. अरुंद म्हणजे किती? समजा, त्रिज्या फक्त वीस टक्क्यांनी घटली. मग रक्ताचा पुरवठाही वीस टक्क्यांनी घटेल, असे आपल्याला सहज वाटते. येथेच आपली फसगत होते.

प्वाझय नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांतून द्रव वाहवून फार काटेकोर मोजमापे घेतली. हा गृहस्थ डॉक्टर आणि भौतिकीतज्ज्ञ दोन्ही होता, आणि त्याला मूळ कुतूहल होते ते रक्ताभिसरणाचेच. त्याला आढळले, की नळीतून दर सेकंदाला वाहणारा द्रव हा दोन टोकांमधील दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात असतो, नळीची लांबी व द्रवाची श्यानता यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात असतो. वर्ग नव्हे, घन नव्हे, चतुर्थ घात!

हे पटत नसेल तर असे पाहा. सरबत पिण्याची एक जाड नळी घ्या, आणि तिच्या निम्म्या व्यासाच्या चार बारीक नळ्या घ्या. चार बारीक नळ्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ जाड नळीएवढेच भरते. पण तितक्याच ओढीने चारही नळ्यांतून मिळून जाड नळीच्या पाव भागच सरबत येईल. जाड नळीची बरोबरी करायला बारीक नळ्या सोळा लागतात. याचे कारण असे, की भिंतीला लागलेला द्रव जवळजवळ थांबलेला असतो आणि मधला भाग वेगाने धावतो. नळी जितकी बारीक, तितका द्रवाचा जास्त हिस्सा भिंतीजवळ अडकलेला.

आता त्रिज्या शेकडा वीस घटली तर ०.८ चा चतुर्थ घात करा. उत्तर ०.४१ येते. म्हणजे पुरवठा वीस टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ साठ टक्क्यांनी घटला. त्याच वेळी रक्तदाबही पाव हिश्शाने उतरलेला असेल तर ०.४१ ला ०.७५ ने गुणा, उरले ०.३१. त्रिज्या निम्मी झाली तर नुसत्या तेवढ्यानेच एक-सोळांश. रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही आणि वाहिनी ही काचेची कडक नळी नाही, म्हणून शरीरात हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही. पण दिशा तीच असते. बारीक वाहिनी जराशी आवळली, तरी पुढच्या पेशींचे हाल होतात.

शेवटचा दशांश मिलिमीटर

रक्तवाहिनी काही प्रत्येक पेशीच्या दारापर्यंत जात नाही. अगदी बारीक केशवाहिनीपर्यंत रक्त ढकलले जाते, आणि तेथून पुढे ऑक्सिजनला स्वतःच जावे लागते. त्याला ढकलणारे कोणी नसते. रेणू इकडेतिकडे आपटत, वाट चुकत, हळूहळू पसरतात. यालाच विसरण म्हणतात.

विसरणाचा नियम मोठा विचित्र आहे. चालणाऱ्या माणसाला दुप्पट अंतराला दुप्पट वेळ लागतो. विसरणाला दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. ऊतींमध्ये ऑक्सिजनचा विसरणांक सेकंदाला सुमारे दोन लक्षांश चौरस सेंटिमीटर धरला, तर एक दशांश मिलिमीटर अंतराला अडीच सेकंद पुरतात. एक मिलिमीटरला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून थोडे अधिक. आणि एक सेंटिमीटरला पंचवीस हजार सेकंद, म्हणजे जवळपास सात तास! शिवाय वाटेतल्या पेशी ऑक्सिजन खातात ते निराळेच. म्हणून शरीरात जवळजवळ कोणतीच पेशी केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरांपेक्षा फार दूर नसते. केशवाहिन्यांच्या या व्यवस्थेवर डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रॉग याने काम केले, आणि त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा नियम शाळेत पडताळून पाहता येतो. चायना ग्रास पाण्यात उकळून परीक्षानळीत अर्धी नळी भरेल इतके ओता आणि थिजू द्या. सायंकाळी पाच वाजता त्यावर खाण्याच्या रंगाचे दाट पाणी घाला. सहा वाजता रंग किती खाली उतरला ते पट्टीने मोजा, मग नऊ वाजता मोजा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता. तास झाले एक, चार आणि सोळा. अंतरे साधारणपणे एकास दोनास चार या प्रमाणात येतील. रंगाची कड पुसट असते, त्यामुळे वाचन थोडे मागेपुढे होणारच. तिघांनी वेगवेगळे मोजून सरासरी काढावी.

आता त्या पोटरीचा विचार करा. केशवाहिन्यांत रक्त येईनासे झाले. जवळची चालू वाहिनी समजा पाच मिलिमीटर दूर आहे. तेथून ऑक्सिजन यायला तासाहून अधिक लागेल, आणि मधल्या भुकेल्या पेशी तो पोचू देणार नाहीत. तो भाग मरतो. मेलेली ऊती सुकते, काळी पडते. तीच ती चामड्यासारखी साल.

झायलाझिनच्या जखमांमागे केवळ हे एकच कारण आहे असे नव्हे. औषधाचा पेशींवर थेट मारा, एकाच जागी वारंवार सुया टोचणे, उपासमार, शिरलेले जंतू या सर्वांचा हात त्यात असतो, आणि कोणाचा वाटा किती याविषयी संशोधकांत अजून एकमत नाही. एका कारणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ते सांगतो. गुंगीत माणूस तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहतो. केशवाहिनीच्या रोहिणीकडील टोकास रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर असतो, हे लँडिस याने १९३० साली मोजले. हा दाब म्हणजे किती? हिशोब केला तर दर चौरस सेंटिमीटरवर अवघे ४४ ग्रॅम! आता पाच किलोचा पाय दगडी पदपथावर वीस चौरस सेंटिमीटर जागेवर टेकला आहे असे धरा. तेथे दर चौरस सेंटिमीटरवर २५० ग्रॅम भार आला. पाऱ्याच्या भाषेत १८४ मिलिमीटर. शुद्धीवर असलेला माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून आपले निभावते. गुंगलेला माणूस कूस बदलत नाही.

वारा लागू द्यावा की नाही?

आपल्याकडे आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे एक मत असते, की जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या. गुडघ्यावरच्या खरचटण्याला हे चालूनही जाते. पण ज्या १९६२ साली झायलाझिन जन्मले, त्याच साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने या समजुतीला धक्का दिला. त्याने डुकरांच्या पाठीवर सारख्याच उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा बसवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली.

कारण सरळ आहे. बाह्यत्वचेच्या पेशी कडेने आत सरकत जातात, आणि त्यांना सरकायला ओलावा लागतो. वरचा थर वाळून खपली झाली की या पेशींना तिच्या खालून, ओलावा असेल त्या खोलीवरून, वाट पोखरत जावे लागते. खपली ही शरीराने केलेली तात्पुरती डागडुजी आहे. तिला औषध समजू नये.

फिलाडेल्फियातील परिचारिका नेमके हेच करतात. जखम साध्या स्वच्छ पाण्याने किंवा निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुतात. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. पेरॉक्साइड ओतले की फसफस फेस येतो आणि घाण निघाली असे वाटते, पण तो फेस म्हणजे आपल्याच पेशींतील एका विकराने पेरॉक्साइड फोडून सोडलेला ऑक्सिजन असतो. नव्या कोवळ्या पेशी त्यात मरतात. धुतल्यावर जखमेला चिकटणार नाही अशी व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी, तिच्यावर स्राव शोषून घेणारी जाड गादी, आणि वरून गुंडाळपट्टी. चिकटपट्टी शक्यतो त्वचेला लावत नाहीत. भोवतालची त्वचा इतकी नाजूक झालेली असते की पट्टीबरोबर तीच सोलून निघावी.

गुंडाळपट्टीतही भौतिकी आहे. सारख्याच ताणाने पट्टी गुंडाळली तरी खालचा दाब सगळीकडे सारखा नसतो. तो अवयवाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. चार सेंटिमीटर त्रिज्येच्या घोट्याजवळ जो दाब पडतो तो सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या पोटरीवरच्या दाबाच्या दीडपट. आधीच रक्त कमी असलेल्या पायाला अडाणीपणाने घट्ट बांधले तर काय होईल, ते आता तुम्हीच सांगा.

काळ्या सालीचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न. ती तशीच ठेवली तर तिच्याखाली जंतू पोसतात. प्रतिजैविकाच्या गोळ्या द्याव्यात तर गोळीतील औषध रक्तातून येणार, आणि सालीत रक्तच नाही. मग पुन्हा तोच विसरणाचा कूर्मगतीचा रस्ता. म्हणून जखमेभोवती लाली, ताप, पू अशी जंतुसंसर्गाची लक्षणे असतील तरच प्रतिजैविके देतात. नुसती काळी साल दिसली म्हणून देत नाहीत. साल मऊ करून काढतात. ओलसर झाकून ठेवली तर शरीराचीच विकरे तिला कडेने विरघळवतात. कोलॅजेनेज नावाचे विकर मलमातून लावले तर काम अधिक वेगाने होते. मेलेल्या ऊतीला खालच्या जिवंत ऊतीशी बांधून ठेवणारे कोलॅजेनचे धागे ते कापते. साल फार जाड असेल, किंवा खाली पू साठला असेल, तर शल्यचिकित्सकाची सुरी.

मधाचाही उपयोग करतात. हे ऐकून आपल्याकडचे वडीलधारे खूश होतील! मधात शेकडा ऐंशीच्या आसपास साखर असते. परासरणाने तो जंतूंमधले पाणी ओढून घेतो. मुरांबा बुरशी न येता टिकतो त्याच न्यायाने. शिवाय जखमेतूनही तो खालचा द्रव वर ओढतो, त्यामुळे साल सुटायला मदत होते. मात्र दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात, तेव्हा तो जखमेवर लावायचा नाही.

जखम स्वच्छ झाल्यावर काही ठिकाणी ऋण दाबाचा उपयोग करतात. अमेरिकेतील अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी १९९७ साली ही पद्धत सविस्तर मांडली. जखमेत स्पंजासारखा तुकडा बसवायचा, वरून हवाबंद पापुद्रा लावायचा, आणि लहान पंपाने आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरने कमी ठेवायचा. साठलेला स्राव निघून जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात. यंत्र उत्तम आहे. पण त्याला वीज लागते, भारित बॅटरी लागते, आणि दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायला जावे लागते. पदपथावर झोपणाऱ्या माणसाने ते यंत्र कोठे लावावे?

दवाखान्याच्या दारातून परत

उपचार माहीत असूनही पाय का कापावे लागतात, याचे उत्तर भौतिकीत नाही. मादक द्रव्याची सवय लागलेल्या शरीराला ते काही तास मिळाले नाही की उलट्या, थरथर, अंगदुखी, विलक्षण अस्वस्थता सुरू होते. जखम दाखवायला आलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर पाच-सहा तास बसला, आणि त्या यातनेवर कोणी उपाय केला नाही, तर तो उठून निघून जातो. दुसरे कारण लाज. जखमेला वास येतो, लोक नाक धरतात. म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा अंगरखा घालून माणूस जखम लपवतो आणि अगदी शेवटी येतो. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन ही औषधे देऊन आधी ती यातना आवरली, तर तोच माणूस दवाखान्यात राहतो आणि उपचार पुरे करून घेतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी गोष्ट कोणती असेल तर ही. पट्टी कोणती बांधली यापेक्षा, माणूस पुढच्या आठवड्यात पट्टी बदलायला आला की नाही, याने फरक पडतो.

म्हणून प्रिव्हेन्शन पॉइंट ही केन्सिंग्टनमधील संस्था जखमांची देखभाल वस्तीतच करते. आलेल्या माणसाला आधी व्यसन सोड आणि मग ये, असे तेथे सांगत नाहीत. नियमित पट्टी बदलली गेली तर व्यसन पूर्ण सुटण्यापूर्वीही कित्येक जखमा भरू लागतात, असा तेथील परिचारिकांचा अनुभव आहे. व्यसनी माणसावर खर्च कशाला, असे म्हणणारे तेथेही आहेत आणि येथेही भेटतात. त्यांना एवढेच विचारावे, की पाय कापण्याचा आणि पुढे जन्मभर सांभाळण्याचा खर्च त्यांनी कधी मांडून पाहिला आहे काय.

दरम्यान भेसळ बदलत राहते. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२३ मध्ये झायलाझिनवर कायद्याने निर्बंध आणले. २०२४ च्या मध्यापासून फिलाडेल्फियाच्या पुडीत बऱ्याच अंशी मेडेटोमिडिन हे दुसरे, अधिक तीव्र पशुऔषध आले. ते सुटले की नाडी आणि रक्तदाब इतके भडकतात की रुग्णांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. भेसळीपायी झालेली ही काही पहिली आपत्ती नव्हे. २००९-१० साली स्कॉटलंडमध्ये हेरॉइनमधून अँथ्रॅक्सचे बीजाणू पसरले होते, तेव्हाही माणसे दगावली होती.

कलमाचे गणित

शेवटी मोठ्या जखमेचा प्रश्न राहतो. उथळ जखमेत केसांची मुळे शाबूत असतात, आणि त्या प्रत्येक मुळापासून नवी बाह्यत्वचा चहूकडे पसरते; म्हणून खरचटलेली जागा चटकन भरते. खोल जखमेत ही मुळे नष्ट झालेली असतात. तेथे त्वचा फक्त कडेने आत येऊ शकते. समजा, प्रत्येक कड रोज अर्धा मिलिमीटर सरकते. दोन्ही बाजूंनी मिळून रोज एक मिलिमीटर. दोन सेंटिमीटर रुंद जखमेला वीस दिवस, दहा सेंटिमीटर रुंद जखमेला शंभर. तेही रक्तपुरवठा चांगला असेल तर.

जखम पुढे सरकते आहे की नाही, हे पाहण्यासाठी परिचारिका दर आठवड्याला कागदी पट्टीने लांबी आणि रुंदी मोजतात आणि त्यांचा गुणाकार लिहून ठेवतात. तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, की जखम आयताकृती नसते, लंबवर्तुळासारखी असते, मग हे क्षेत्रफळ चूक. बरोबर आहे, खरे क्षेत्रफळ त्या गुणाकाराच्या सुमारे ०.७९ पट भरेल. पण पहिल्या आठवड्यात ८ गुणिले ५ म्हणजे ४०, आणि सहाव्या आठवड्यात ६ गुणिले ४ म्हणजे २४, तर घट शेकडा चाळीस. आणि दोन्ही आकडे ०.७९ ने गुणले तरी घट शेकडा चाळीसच. गुणोत्तर काढताना तो अवयव छेदला जातो. खोली मात्र वेगळी मोजावीच लागते, कारण जखम प्रथम तळातून भरते. लांबी-रुंदी तीच राहून खोली दीड सेंटिमीटरवरून अर्ध्यावर आली असेल, तर क्षेत्रफळ म्हणेल काहीच झाले नाही. प्रत्यक्षात दोन-तृतीयांश खड्डा भरलेला असतो.

तळ लालसर, दाणेदार आणि स्वच्छ झाला की त्वचेचे कलम करता येते. मांडीवरून सुमारे तीन दशांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढून जखमेवर बसवतात. पहिले दोन दिवस त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते. तो तळातून विसरणाने येणाऱ्या ऑक्सिजनवर जगतो. आपल्या सूत्राने तीन दशांश मिलिमीटरला साडेबावीस सेकंद लागतात, म्हणून तो जगू शकतो. तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा बसवला असता तर साडेसदतीस मिनिटे लागली असती, आणि तुकडा मेला असता. खाली थोडे रक्त साठून दोन मिलिमीटरची फट राहिली तरी कलम का फुकट जाते, तेही यातच आले.

संपूर्ण जखम झाकण्याइतकी त्वचा नेहमीच मिळते असे नाही. १८६९ साली रेव्हर्दँ या तरुण डॉक्टरने पॅरिसमध्ये जखमेच्या मधोमध त्वचेचे छोटे छोटे तुकडे नुसते पेरून पाहिले, आणि ते बेटांसारखे चहूकडे वाढू लागले. त्यावरून एक उदाहरण देतो. एक लांबट जखम ५ सेंटिमीटर रुंद आहे. कडा रोज अर्धा मिलिमीटर सरकतात. तिच्या मधोमध १ सेंटिमीटर रुंदीची त्वचेची पट्टी लांबीभर बसवली आणि ती रुजली, तर जखम किती दिवसांत झाकली जाईल?

पट्टी नसती तर ५० मिलिमीटर, रोज एक मिलिमीटर, म्हणजे पन्नास दिवस. पट्टी बसवल्यावर तिच्या प्रत्येक बाजूस २० मिलिमीटरची फट राहते, आणि त्या फटीत जखमेची कड एकीकडून व पट्टीची कड दुसरीकडून येते. उत्तर वीस दिवस. अशा दोन पट्ट्या सारख्या अंतरावर बसवल्या तर किती, ते तुम्ही काढा.